दप्तराचा दुसरा वाचक

इंग्लंडातील सामान्य माणसाचे सारे वैद्यकीय आयुष्य कित्येक दशके एका मळकट पिवळ्या लिफाफ्यात बंद होते. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने तेथील कामगाराला ठरावीक डॉक्टरकडून उपचार करून घेण्याचा हक्क दिला, आणि त्या योजनेच्या कारभारातून जी नोंदपद्धती रूढ झाली तिच्या लिफाफ्याला योजनेचे प्रवर्तक लॉईड जॉर्ज यांचे नाव चिकटले ते अद्याप सुटलेले नाही. हातात सहज मावेल एवढाच तो लिफाफा. पण त्यात दुमडून कोंबलेली टिपणे, इस्पितळांतून आलेली पत्रे, तपासण्यांचे अहवाल, लहानपणच्या लसींच्या तारखा, आणि क्वचित एखाद्या चिडलेल्या डॉक्टरने रुग्णाच्या स्वभावाविषयी मारलेला शेरासुद्धा असे. माणसाने गाव बदलले की लिफाफा सरकारी यंत्रणेमार्फत जुन्या डॉक्टरकडून नव्या डॉक्टरकडे रवाना होई. माणूस आगगाडीने जाई, त्याचा इतिहास मागून जाई, आणि दोघांची गाठ पडे ती नव्या डॉक्टरच्या मेजावर, तीही अशा बेताने की कागदाची लिहिलेली बाजू डॉक्टरकडे आणि पाठ रुग्णाकडे. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, औषधोपचार मोफत झाला, समाजाच्या दृष्टीने एक मोठी क्रांती घडली. परंतु लिफाफ्याच्या बाबतीत काहीच घडले नाही. मालकी शासनाची, ताबा डॉक्टरचा, आणि ज्याच्या देहाविषयी हे सर्व लिहिलेले त्याचा त्या कागदाशी संबंध एवढाच की त्याच्या पाठीवर त्याचे नाव.

ही स्थिती कायद्याने पालटली ती फार सावकाश. वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देणारा कायदा १९९० साली संमत होऊन पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात अमलात आला, आणि तोही अर्ज, मुदत, नकलेचे शुल्क अशा खास दफ्तरी वळणाने. संगणक आले, लिफाफ्यांतील मजकूर पडद्यावर उतरू लागला; २०१५ च्या वसंतात प्रत्येक सामान्य वैद्याने रुग्णाला आपल्या नोंदींचा गोषवारा ऑनलाइन पाहू द्यावा असे सेवाकरारात आले, पुढल्या वर्षी त्यात अधिक तपशिलाची भर पडली, २०१८ च्या अखेरीस आरोग्य सेवेचे स्वतःचे ॲप आले, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत प्रत्येक दवाखान्याने यापुढे होणाऱ्या सर्व नोंदी, डॉक्टरने स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या टिपणांसकट, रुग्णासमोर खुल्या कराव्यात असा करारच झाला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कसून विरोध केला, मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण अखेर दार उघडले. आता तेथील कारभाऱ्यांपुढे प्रश्न उभा आहे तो असा की दार उघडले तरी आत येणारे थोडे, आणि ज्यांनी यावे असे मनापासून वाटते, म्हणजे वृद्ध, बहुव्याधिग्रस्त, अल्पशिक्षित, परभाषक, ते तर उंबऱ्यापाशीही दिसत नाहीत. तेव्हा त्यांना ‘प्रोत्साहन’ कसे द्यावे?

या प्रश्नाचे जे उत्तर सरकारी परिपत्रकांतून साधारणपणे दिले जाते ते मला अपुरे वाटते, आणि काही अंशी अप्रामाणिकही. ते उत्तर सोयीचे आहे. रुग्णाला सांगितले जाते की बाबा रे, तुला घरबसल्या भेटीची वेळ ठरवता येईल, नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा मागवता येईल, रक्ताचा अहवाल आला की नाही हे विचारण्यासाठी सकाळी आठ वाजता दूरध्वनीच्या रांगेत ताटकळावे लागणार नाही. यात खोटे काही नाही. मे २०२१ पासून परदेशप्रवासासाठी कोविडची लस घेतल्याचा पुरावा त्या ॲपवर मिळू लागला, आणि आजवर ज्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते अशा लाखो लोकांनी काही आठवड्यांत ते आपल्या फोनवर घेतले. म्हणजे गरज पडली की माणूस येतो हे उघड आहे. परंतु तो आला तो दाखला घेण्यासाठी. दाखला घेतला आणि गेला. कार्यालयाच्या खिडकीवर आलेला माणूस आणि दप्तर वाचायला बसलेला माणूस यांत जो फरक आहे तो ॲप उतरवून घेणाऱ्यांच्या संख्येत दिसत नाही, आणि सरकारे मोजतात ती मात्र तीच संख्या. शिवाय या सोयीतली मोठी सोय दवाखान्याची असते. स्वागतकक्षातल्या बाईंचे काम हलके व्हावे म्हणून रुग्णाला साक्षर करण्याची ही तऱ्हा रुग्णाच्या लक्षात येत नसेल असे समजणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

मला म्हणायचे आहे ते वेगळे. वैद्यकीय नोंदीला दुसरा वाचक असावा, आणि तो दुसरा वाचक ज्याच्याविषयी नोंद आहे तोच असावा, हे या साऱ्या खटाटोपाचे खरे प्रयोजन होय; आणि ते मान्य केले की रुग्णाला वाचनास प्रवृत्त करण्याचे काम रुग्णापासून सुरू होत नसून लिहिणाऱ्यापासून सुरू होते हेही मान्य करावे लागते.

दुसरा वाचक नसला तर काय होते याचे टोकाचे उदाहरण त्याच इंग्लंडात, मँचेस्टरच्या पूर्वेला असलेल्या हाइड नावाच्या जुन्या गिरणगावात घडले. टोकाच्या उदाहरणावरून सर्वसाधारण सिद्धान्त काढू नये हे मलाही ठाऊक आहे. तथापि या प्रकरणाचा उत्तरार्ध इतका बोधक आहे की पूर्वार्ध सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. हॅरॉल्ड शिपमन हा तेथील डॉक्टर १९९२ पासून बाजाररस्त्यावर स्वतःचा स्वतंत्र दवाखाना चालवीत होता. लोकप्रिय होता, म्हाताऱ्या बायकांच्या घरी आपण होऊन जाणारा म्हणून त्याची ख्याती होती. जानेवारी २०००च्या अखेरीस पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली, आणि न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ साली दिलेल्या पहिल्या अहवालात त्याच्या बळींची संख्या २१५ ठरवली. शस्त्र होते ते डायमॉर्फिनचे. परंतु डायमॉर्फिनइतकेच दुसरे एक साधन त्याच्या उपयोगी पडले, आणि ते म्हणजे दप्तर. रुग्ण दगावल्यानंतर तो संगणकापुढे बसे आणि मागल्या तारखा घालून नोंदी करी: अमक्या महिन्यात छातीत दुखल्याची तक्रार, तमक्या महिन्यात हृदयविकाराचा संशय. मृत्यूला साजेसा असा इतिहास मृत्यूनंतर तयार होई. नातेवाईक विचारायला आले की पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवायला पुरावा हजर! त्या संगणकप्रणालीत नोंद प्रत्यक्ष केव्हा केली याची वेळ आतल्या आत टिपून ठेवली जाते हे त्याला माहीत नव्हते, आणि पोलिसांच्या हाती तीच वेळ लागली. तेवढ्यापुरते यंत्र माणसापेक्षा प्रामाणिक निघाले.

रुग्णांना आपल्या नोंदी दिसत असत्या तर हे हत्याकांड टळले असते असे मी म्हणणार नाही. असे कोणी म्हणत असेल तर तो अतिशयोक्ती करतो आहे, कारण मेलेला माणूस आपली नोंद वाचत नाही. परंतु ज्या बाईला कधी छातीत दुखले नाही तिच्या दप्तरात छातीदुखीचा इतिहास बेधडक रचता येतो, याचे कारण ते दप्तर आपल्याशिवाय दुसरे कोणीही वाचणार नाही अशी लिहिणाऱ्याची खात्री असते. ही खात्री शिपमनपाशी होती तशीच सज्जन डॉक्टरपाशीही होती. फरक इतकाच की सज्जन डॉक्टरने तिचा गैरवापर केला नाही.

आता उत्तरार्ध. शिपमनच्या दवाखान्यातले रुग्ण ज्यांच्या हवाली झाले ते डॉ. अमीर हन्नान नावाचे तरुण वैद्य होते. त्यांच्या वाट्याला आलेला वारसा कल्पनेपलीकडचा आहे: ज्या खोलीत डॉक्टर म्हणून बसावयाचे ती खोली संशयाने भरलेली, आणि समोर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाच्या घरातले, गल्लीतले किंवा नात्यातले कोणीतरी त्याच हातांनी गेलेले असण्याचा संभव. अशा ठिकाणी ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य उच्चारणेही अशक्य होते, कारण मागल्या डॉक्टरवर लोकांनी ठेवला होता तो विश्वासच होता. हन्नान यांनी मार्ग काढला तो असा, की मी तुमच्याविषयी काय लिहितो ते तुम्हीच वाचा. इंग्लंडात अशी कल्पना कोणी गांभीर्याने घेत नव्हते त्या काळात, २००६ च्या सुमारापासून, त्यांनी रुग्णांना आपल्या संपूर्ण नोंदी घरी बसून पाहण्याची सोय करून दिली, आणि पुढे हजारो रुग्णांनी ती स्वीकारली. सोय करून दिली म्हणजे परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून हाती ठेवला असे नव्हे. नोंदी पाहू इच्छिणाऱ्याने आधी माहिती वाचावी, त्यात एखादी वाईट बातमी वा विसरलेली जुनी गोष्ट डोळ्यांपुढे येऊ शकते हे समजून घ्यावे, काही प्रश्नांची उत्तरे लिहून द्यावीत, मग दार उघडावे, असा त्यांचा शिरस्ता होता. या पद्धतीला त्यांनी विश्वासाची भागीदारी असे नाव दिले. मला या नावापेक्षा त्या शिरस्त्याचे मोल अधिक वाटते. कारण वाचनाचे आमंत्रण येथे डॉक्टरकडून आले होते, जाहिरातीकडून नव्हे, आणि त्या आमंत्रणात डॉक्टरने स्वतःला तपासणीखाली आणले होते. प्रोत्साहन या शब्दाचा मला उमगलेला अर्थ हाच. जो आपली वही उलटी करून समोरच्यापुढे सरकवतो त्याच्या वहीत डोकावण्याचा संकोच समोरच्याला उरत नाही.

याच विचाराची अमेरिकेतील वाटचाल निराळ्या स्वभावाची आहे. तेथे प्रयोग आणि मोजमाप यांना अधिक मान. रुग्णाला त्याची नोंदवही द्या ही सूचना तेथील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात १९७३ सालीच छापून आली होती आणि छापून आली तशीच पडूनही राहिली. २०१० मध्ये बोस्टन, पेनसिल्व्हेनिया आणि सिॲटल येथील तीन संस्थांतल्या शंभराहून थोड्या अधिक प्राथमिक वैद्यांनी वर्षभर आपली टिपणे रुग्णांना खुली केली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांना आपल्या प्रकृतीचा कारभार आपल्या हाती आल्यासारखे वाटले. औषधे घेणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी ती अधिक नेमाने घेतल्याचे सांगितले. ज्यांना वाचून चिंता वाटली वा गोंधळ झाला त्यांचे प्रमाण ठिकाणपरत्वे शेकडा एक ते आठ इतकेच भरले. आणि वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने हे बंद करा असे म्हटले नाही, यद्यपि सुरुवातीला साशंक होते ते तेच. औषधाविषयीचे आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेले आहेत, गोळ्या मोजलेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवलेले बरे. याहून मला विचारप्रवर्तक वाटतो तो दुसरा आकडा: पेनसिल्व्हेनियात शंभरांतल्या ब्याण्णव रुग्णांनी निदान एक टिपण उघडून पाहिले, सिॲटलच्या सार्वजनिक इस्पितळात, जेथे गरीब आणि निराधार लोक येतात, सत्तेचाळिसांनीच. दार सारखेच उघडे होते.

आणि चुकांचे काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, टिपणे वाचणाऱ्या दर पाच रुग्णांमागे एकाला त्यांत चूक आढळली, आणि चूक सापडलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना ती गंभीर वाटली. कोणाच्या नावावर न झालेला आजार, कोणाचा डाव्याऐवजी उजवा गुडघा, कोणाची पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवायचीच राहून गेलेली. जी चूक डॉक्टरला दहा वर्षांत दिसली नसती ती रुग्णाला दहा सेकंदांत दिसते, कारण त्याला त्या मजकुराचे वैद्यकीय ज्ञान नसले तरी त्या मजकुराच्या विषयाचे ज्ञान आहे; तो स्वतःच तो विषय आहे. शिपमनच्या बनावट नोंदींपासून या निरुपद्रवी वाटणाऱ्या लेखनदोषांपर्यंत एकच धागा आहे, आणि तो म्हणजे साक्षीदाराचा अभाव.

डॉक्टरांचे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. टिपण हे मुळात डॉक्टरचे स्वतःशी चाललेले चिंतन असते. त्यात संशय असतात, ‘कर्करोग तर नसेल ना’ अशी न उच्चारलेली शंका असते, दारू किती घेतो याविषयी रुग्णाच्या सांगण्यावर न बसलेला विश्वास असतो. हे सारे रुग्ण वाचणार म्हटल्यावर लेखणी दबकेल, शंका लिहिली जाणार नाही, आणि पुढच्या डॉक्टरला ती कळणार नाही. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा इलाज शंका दडवणे हा नसून ती बोलणे हा आहे, आणि जी शंका रुग्णापुढे बोलता येत नाही ती त्याच्या पाठीमागे लिहून ठेवण्याचा अधिकार कोणत्या सनदेने मिळाला हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. रात्री अकरा वाजता एकट्या माणसाने पडद्यावर गाठीचा अहवाल वाचावा हे क्रूर आहे हा दुसरा आक्षेप मला अधिक सबळ वाटतो. इंग्लंडात डॉक्टरने अहवाल तपासून दाखल केल्यावरच तो रुग्णाला दिसतो, अमेरिकेत कायद्याने तो बहुधा तत्काळ दिसतो; या एका बाबतीत इंग्लंडची रीत अधिक माणुसकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ नाही ही तिसरी तक्रार. दहा मिनिटांत एक रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरने ती करावी यात नवल नाही, पण तिचे उत्तर अधिक डॉक्टर हे आहे, बंद दप्तर हे नव्हे.

भाषेचा प्रश्न मात्र तसा सुटणारा नाही. इंग्रज डॉक्टर धाप लागण्याला ‘एस. ओ. बी.’ लिहितो, तीच तीन अक्षरे इंग्रजीत एका अर्वाच्य शिवीचेही संक्षिप्त रूप आहेत, आणि आपल्या नावापुढे ती वाचून संतापलेल्या रुग्णांचे किस्से वैद्यकीय वर्तुळात प्रसिद्ध आहेत. तेथे इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याची ही गत, तर लेस्टर वा वेम्ब्लीत मुलापाशी राहायला गेलेल्या आपल्याकडच्या आजीने काय करावे? तिला तो मजकूर नातू वाचून दाखवतो, आणि नातवाला सांगण्यासारखे नसलेले आजीचे दुखणे तेवढे वाचायचे राहते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची वास्तविक गरज नसावी, कारण वाचता न येणाऱ्या दप्तराचा अनुभव आपल्या रक्तात आहे. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि ते मोडीत असे. रयतेच्या जमिनीचा चतुःसीमेसह सर्व इतिहास त्या रुमालात बांधलेला; रयतेला तो पाहायची बंदी होती असेही नाही, पण पाहून उपयोग काय? जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना लेखणी चालवणाऱ्या कुलकर्ण्यावर जो कोरडा ओढला तो या मक्तेदारीवर होता. १९५१ साली कुलकर्णी वतन गेले, तलाठी आला, लिपी देवनागरी झाली, अलीकडे सातबारा ऑनलाइन झाला; आणि आज ज्याला चार ओळी सलग वाचण्याचा कंटाळा आहे असा शेतकरीसुद्धा आपला सातबारा काढून इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा उतरला की नाही, चुलत्याचे नाव नको तेथे चढले की काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्याला प्रोत्साहन देण्यासाठी कोणी मोहीम काढली नाही. तो पाहतो, कारण नोंद चुकली तर जमीन जाते हे त्याला कळते, आणि नोंद त्याला वाचता येते. वैद्यकीय नोंदीच्या बाबतीत या दोहोंपैकी एकही अट पुरी झालेली नाही: चुकीच्या नोंदीने देह जाऊ शकतो हे कोणी त्याला सांगितलेले नाही, आणि नोंद अद्याप मोडीतच आहे.

याच्या विरुद्ध बाजूची एक गोष्ट मात्र सातबाऱ्याच्या उदाहरणात बसत नाही, आणि उत्साही सुधारक नेमकी तीच विसरतात. जमिनीची नोंद जगाला दिसली तरी चालते. देहाची नोंद घरातल्या माणसालाही दिसून चालत नाही. ज्या स्त्रीला नवरा मारतो, आणि जिने ते धीर करून डॉक्टरला सांगितले, तिच्या फोनवर ते टिपण उघडले आणि फोन नवऱ्याने हिसकावला तर पुढे काय होईल? इंग्लंडातील डॉक्टरांनी केलेल्या विरोधात हा मुद्दा अग्रभागी होता, आणि तो दिखाऊ नव्हता. म्हणूनच काही रुग्णांच्या नोंदी आधी तपासल्याखेरीज आपोआप खुल्या होऊ नयेत यासाठी त्यांच्या खात्यावर एक विशिष्ट संकेतांक घालण्याची सोय तेथे झाली. आपल्याकडे जेथे घरात मिळून एकच फोन, जेथे सुनेचा परवलीचा शब्द नणंदेला पाठ, तेथे गर्भनिरोधनाची, गर्भपाताची, क्षयाची किंवा मनोविकाराची नोंद ‘तुमच्या बोटांच्या टोकावर’ आणून ठेवण्यापूर्वी शंभरदा विचार केला पाहिजे. उघडण्याचा हक्क जितका मोलाचा तितकाच एखादे पान झाकून ठेवावयास सांगण्याचा हक्कही, आणि हा दुसरा हक्क रुग्णाला त्याच बैठकीत, एकट्याला बाजूला घेऊन, सांगितला गेला पाहिजे.

आपल्याकडची स्थिती इंग्लंडच्या बरोबर उलट आहे. तेथे दप्तर डॉक्टरपाशी आणि रुग्ण रिकाम्या हाताचा. येथे डॉक्टर रिकाम्या हाताचा आणि सारे दप्तर रुग्णाच्या पिशवीत. जिल्हा रुग्णालयाच्या ओसरीवर सकाळी केसपेपर काढायच्या रांगेत उभे राहून पाहावे. प्रत्येकाच्या हातात साडीच्या दुकानातली नाहीतर औषधांच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी. तीत पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेची गुंडाळी, शाई उडालेल्या ईसीजीच्या पट्ट्या, चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या, आणि एक रिकामे गोळ्यांचे पाकीट, नाव वाचता येत नाही म्हणून वस्तूच पुरावा म्हणून आणलेली. आणि ज्या फॅमिली डॉक्टरची आठवण आपण इतक्या गहिवराने काढतो त्यांनी तरी काय लिहून दिले होते? कंपाउंडरने बांधलेल्या पुड्या, आणि डोसांच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली बाटली. पुडीत काय आहे ते डॉक्टरला ठाऊक आणि परमेश्वराला. प्रेम होते, ज्ञान होते, रात्रीअपरात्री येण्याची तयारी होती, परंतु दप्तर नव्हते, आणि डॉक्टर गेले त्याबरोबर तीन पिढ्यांचा इतिहासही गेला.

कायदाही या बाबतीत अर्धाच बोलतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी डॉक्टरला नोंदी तीन वर्षे जपून ठेवायला लावले खरे, पण त्या दाखल झालेल्या रुग्णांच्या. दवाखान्यात येऊन गोळ्या घेऊन जाणारा, म्हणजे शंभरांतले बहुतेक, त्या वाक्याच्या बाहेरच राहिला. या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनकडे पाहिले पाहिजे. प्रत्येकाला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक, आणि त्या क्रमांकाशी जोडलेल्या, रुग्णाच्या संमतीने डॉक्टरला दिसणाऱ्या नोंदी, ही कल्पना कागदावर उत्तम आहे. संमतीचे तत्त्व तर इंग्लंडच्या जुन्या लिफाफ्यापेक्षा कितीतरी पुढचे. कोट्यवधी क्रमांक काढले गेले आहेत, आणि त्या संख्येची प्रौढी वेळोवेळी मिरवली जाते. पण क्रमांक म्हणजे खातेवहीवरचे नाव. आत पाने कोण लिहिणार? केसपेपरवर ‘ताप, अंगदुखी’ आणि त्याखाली तीन औषधांची अगम्य आद्याक्षरे एवढेच लिहिले जात असेल, तर ते ढगात नेऊन ठेवल्याने ते अधिक शहाणे होत नाही. आपल्या रुग्णाला ऑनलाइन नोंदी वाचण्याचे प्रोत्साहन देण्याच्या गोष्टी करणे हे लग्नाआधी बारशाची आमंत्रणे छापण्यासारखे झाले आहे.

तरीही मी निराश नाही, आणि त्याचे कारण एक साधे पुठ्ठ्याचे कार्ड आहे. गरोदर बाईला आरोग्यसेविका वा आशाताई जे माता-बाल संरक्षण कार्ड देते ते खेड्यातल्या कोणत्याही घरी मागून पाहावे: ते ट्रंकेतून, रेशनकार्डाच्या जोडीने, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बाहेर येते. त्यावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या, मग बाळाच्या लसी, मराठीत, चित्रांसह. आणि आई ते वाचते, नसेल येत तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घेते, आणि गोवराचे इंजेक्शन राहिले आहे हे तीच सेविकेला सांगते. या बाईला अशिक्षित म्हणून दप्तराच्या बाहेर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिला जे वाचण्यासारखे लिहून दिले ते तिने जपले, वाचले आणि वापरले. आशाताईने दर वेळी ते उघडून, बोट ठेवून, रकाना समजावून सांगितला, हे त्यातले मर्म होय. ऑनलाइन नोंदीला अशी बोट ठेवणारी व्यक्ती जोवर मिळत नाही, आणि तिच्या त्या कामाचा मोबदला जोवर तिच्या मानधनात धरला जात नाही, तोवर ती नोंद शहरी, सुशिक्षित, आधीच बऱ्यापैकी निरोगी असलेल्या लोकांचे खेळणे राहील. सिॲटलच्या सत्तेचाळिसांचा अर्थ तोच होता.

तेव्हा सरकारकडे मागणी करायची ती नव्या ॲपची नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाह्यरुग्णाचीही नोंद ठेवणे बंधनकारक करा. त्या नोंदीच्या शेवटी रुग्णासाठी मराठीत दोन ओळी, काय झाले आहे आणि आता काय करायचे, लिहिल्याखेरीज ती पुरी झाली असे समजू नका. आणि कोणते पान कोणाला दिसावे हे रुग्णाला विचारा. वाचकांपाशी मागणे त्याहून लहान आहे. त्याच २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे बहात्तर तासांच्या आत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाचा हा हक्क १९९६ सालीच उचलून धरला आहे. पुढल्या वेळी दवाखान्यातून निघताना नक्कल मागा, घरी येऊन ती वाचा, आणि जे समजले नाही ते डॉक्टरांना विचारा.